मोओकिनी देवालयाचा स्थापनाकाल : इ. स. ४८० ह्या सनाची चिकित्सा

प्रशांत महासागरांतील हवाई द्वीपसमूहांत जें सर्वांत मोठें बेट आहे, त्याचेंही नांव हवाई असेंच आहे. त्याच्या उत्तर टोंकास कोहाला प्रांतांत, उपोलू भूशिरापासून जवळच, मोओकिनी नांवाचें एक प्राचीन देवालय आहे. वाटाड्या पुस्तकांत व प्रवासवर्णनांत त्याची स्थापना इ. स. ४८० मध्यें झाली असें निःशंकपणें दिलेलें असतें. हा सन कोठून आला, तो कोणत्या साधनांवर उभा आहे, आणि तो काढून टाकल्यास त्या देवालयाच्या इतिहासाचें खरोखर कांहीं नुकसान होतें कीं काय, ह्या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. विषय दूरदेशचा आहे खरा. परंतु साधनचिकित्सेचे नियम देशपरत्वें बदलत नाहींत. आपल्याकडील बखरींतील सनांस कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं जी कठोर चाळणी लावली, तीच चाळणी येथेंही लागू आहे. मात्र ती लावतांना एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. बखरीशेजारीं ठेवून पाहण्यास आपल्यापाशीं अस्सल कागद होते. हवाईंत १८२० पूर्वीं देशी लेखनच नव्हतें.

(१) स्थल व प्रकार

हवाईयन भाषेंत देवालयास हेइआउ म्हणतात. त्यांत शेतीसाठीं, मासेमारीसाठीं, रोगनिवारणासाठीं असे अनेक प्रकार आहेत. ह्या सर्वांत श्रेष्ठ प्रकार लुआकिनी हा होय. तो राजानेंच बांधावयाचा असून कू ह्या देवतेस उद्देशून तेथें नरबलि देत असत. मोओकिनी हें ह्या प्रकारचें आहे. आज तेथें उभ्या आहेत त्या चुन्यावांचून रचलेल्या दगडी भिंती. लांबी २५० फुटांच्या आसपास असून चारी बाजूंचीं मापें सारखीं नाहींत, त्यामुळें आकृति वांकडी चौकोनी झाली आहे. आंतील लांकडी मनोरा, मूर्ति, बलिवेदी व गवती छपरें हीं नाशवंत असल्यामुळें उरलीं नाहींत. कामेहामेहा राजाचें जन्मस्थान जवळच असल्याचें सांगतात. १९६२ सालीं अमेरिकन सरकारनें ह्या स्थलास राष्ट्रीय ऐतिहासिक स्थलाचा दर्जा दिला. परंपरागत पुरोहितपद मोओकिनी ह्याच नांवाच्या घराण्यांत चालत आलेलें असून, सामान्य जनांस असलेली प्रवेशबंदी त्या घराण्याच्या अधिकारी व्यक्तीनें १९७८ सालीं उठविली.

नांवाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. मोओ ह्या शब्दाचे सरडा व परंपरा असे दोन अर्थ आहेत, आणि किनी म्हणजे समुदाय. वंशावळीस मोओकूआउहाउ व इतिहासकथेस मोओलेलो म्हणतात, तो हाच मोओ. संस्कृतांत वंश शब्दानें वेळू आणि कुळ हे दोन्ही अर्थ व्यक्त होतात. पेरापेरानें वाढणारी वस्तु पाहून पिढ्यांची कल्पना सुचावी, तसाच हा प्रकार दिसतो. ज्या समाजानें इतिहासाचें नांवच परंपरा असें ठेविलें, त्या समाजाचें कालमान वर्षांचें नसून पिढ्यांचें होतें, हें येथेंच ध्यानांत यावें. आमच्या पुढील विवेचनाचा सर्व भार ह्या एका गोष्टीवर आहे.

(२) साधनें

साधनें तीन प्रकारचीं आहेत. पहिलें, हवाईयन लेखकांनीं लिहून ठेवलेलें ऐतिह्य. त्यांत डेव्हिड मालो (मृत्यु १८५३) व सॅम्युएल कामाकाऊ (१८१५–१८७६) हे प्रमुख. मालोच्या ग्रंथाचें एमर्सनकृत इंग्रजी भाषांतर १९०३ सालीं प्रसिद्ध झालें. कामाकाऊचें लेखन १८६५ ते १८७१ पर्यंत देशी भाषेंतील वृत्तपत्रांतून येत होतें. ह्याच ऐतिह्याच्या आधारें मूळचा स्वीडिश असलेला न्यायाधीश एब्राहॅम फोर्नांडर यानें १८७८ ते १८८५ ह्या काळांत आपला तीन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. दुसरें साधन मोओकिनी घराण्याचें स्वतःचें ऐतिह्य. तिसरें प्रत्यक्ष स्थलाचें मोजमाप व उत्खनन. ह्यांपैकीं मोजमापाचें पायाभूत काम होनोलुलु येथील बिशप म्युझियमतर्फे जॉन स्टोक्स यानें १९०६–०७ सालीं केलें. हवाई बेटावरील देवालयें हिंडून त्यानें नकाशे व टिपणें तयार केलीं. परंतु तें हस्तलिखित ग्रंथरूपानें १९९१ सालीं बाहेर आलें. ऐंशीहून अधिक वर्षें तें दप्तरांत पडून होतें, आणि दरम्यान नवी बांधकामें व शेती ह्यांखालीं अनेक स्थलें गेलीं. १९९७ सालीं तर पूना प्रांतांतील वाहाउला हें प्रसिद्ध देवालय ज्वालामुखीच्या लाव्ह्याखालीं गडप झालें. संग्राहक मंडळींस ह्यावरून काय बोध घ्यावयाचा, तें निराळें सांगणें नको.

पहिल्या दोन साधनांत मोओकिनीच्या स्थापनेविषयीं एकवाक्यता नाहीं. मालो, कामाकाऊ, फोर्नांडर ह्या मालिकेंतील कथा अशी : काहिकी नामक दूरदेशांत पाआओ नांवाचा एक पुरोहित होता. त्याचा आपल्या ज्येष्ठ बंधूशीं, लोनोपेले याशीं, कलह झाला. पाआओच्या मुलावर फळें चोरल्याचा आळ आला. तो खोटा ठरविण्यासाठीं पाआओनें स्वतःच्या मुलाचें पोट फाडून दाखविलें. पुढें सूड घेऊन तो समुद्रमार्गें निघाला, हवाईच्या पूना प्रांतांत उतरला, तेथें वाहाउला आणि नंतर कोहालांत मोओकिनी हीं देवालयें त्यानें बांधलीं, व बेटावर योग्य राजा नाहीं असें पाहून पिली नांवाचा राजा बाहेरून आणविला. घराण्याचें ऐतिह्य ह्याहून वेगळें आहे : मूळ देवालय कुआमोओ मोओकिनी यानें स्थापिलें व पाआओनें पुढें त्याचा विस्तार केला. ४८० हा सन ह्या दुसऱ्या पक्षाचा आहे.

आमच्या मतें हे दोन पक्ष म्हणजे दोन पुरोहितकुलांचे दोन दावे आहेत. हवाई बेटाचा शेवटचा मुख्य पुरोहित हेवाहेवा हा पाआओच्या वंशांतला समजला जाई. अर्थात् पाआओ हा आद्य संस्थापक ठरण्यांत त्या शाखेचा मान होता. उलटपक्षीं, आमचा मूळपुरुष पाआओच्याही आधीचा, असें म्हणण्यांत स्थानिक पुरोहितकुलाचा मान होता. मूळ स्थापना एकाची आणि जीर्णोद्धार दुसऱ्याचा, ही तडजोड स्थलमाहात्म्यें वाचणारांस अपरिचित नाहीं. दोन दावे जेथें समबल असतात, तेथें परंपरा बहुधा असाच समेट करते. ह्यावरून कोणताही पक्ष खोटा ठरत नाहीं. परंतु ‘आधीं कोण’ हा प्रश्न जेथें मानाचा असतो, तेथें जितका जुना सन तितका तो अधिक तपासून घ्यावा लागतो.

(३) पिढ्यांचा हिशेब

आतां सनाकडे वळूं. ख्रिस्ती शक हवाईंत येण्यापूर्वीं तेथें अखंड वर्षगणना नव्हती. तेव्हां इ. स. ४८० हा आंकडा कोणत्याही प्राचीन मंत्रांत अगर वंशावळींत असूं शकत नाहीं. जें परंपरेंत असतें तें नांवांची मालिका. आंकडा निघतो तो त्या मालिकेस कोणीतरी वर्षांनीं गुणल्यावर. संस्कृत हस्तलिखितें हाताळणारांस ह्या प्रकाराचें नांव ठाऊक आहे. समासांत लिहिलेलें टिपण पुढच्या नकलनविसानें मूळ संहितेंत उतरून घेतलें म्हणजे तो प्रक्षेप होतो. ४८० हा असाच प्रक्षेप आहे. परंपरेची संहिता निराळी आणि तिच्यावरील हा आंकडा निराळा.

गुणाकार किती घसरतो हें प्रत्यक्ष पाहण्यास पिलीची वंशावळ घेऊं. फोर्नांडरप्रभृतींनीं दिलेल्या मालिकेंत पिलीपासून कामेहामेहापर्यंत दोघे धरून २४ नांवें येतात, म्हणजे अंतर २३ पिढ्यांचें. कामेहामेहाचा जन्म रूढ अंदाजाप्रमाणें १७५८ चा धरला, तर पिढीस ३० वर्षें मोजल्यास पिलीचा जन्म १०६८ च्या सुमारास येतो. २५ मोजल्यास ११८३. आणि २० मोजल्यास १२९८. फोर्नांडरनें पिढीस ३० वर्षें धरलीं, म्हणून त्याचा पाआओ अकराव्या शतकांत गेला. स्टोक्सनें १९३३ सालीं हवाईयन कालगणनेवर जो निबंध लिहिला, त्यांत पिढी २० वर्षांची धरावी असें प्रतिपादिलें. नांवें तींच, क्रम तोच, आणि केवळ गुणक बदलतांच २३० वर्षांचा फरक पडतो. मालिकेंत केआकामाहाना व केआकेआलानीवाहिने ह्या लागोपाठच्या माय-लेकी आहेत. वंश स्त्रियांकडून चालला असतां पिढी आंखूड पडण्याचा संभव अधिक, हेंही लक्षांत घ्यावें. पार्जिटरनें १९२२ सालीं पुराणांतील राजवंशांवर जो ग्रंथ लिहिला, त्यावरील वाद ज्यांनीं वाचला आहे, त्यांस गुणकाचा हा घोळ नवा वाटणार नाहीं.

पिलीच्या मागें जाऊन ४८० गांठावयाचें झाल्यास, मोठ्या गुणकानें आणखी ५८८ वर्षें, म्हणजे सुमारें २० पिढ्या लागतात. लहान गुणकानें ८१८ वर्षें, म्हणजे सुमारें ४१ पिढ्या. एकाच सनास २० पिढ्याही पुरतात आणि ४१ ही लागतात, ह्याचा अर्थ इतकाच कीं, गुणक सांगितल्याशिवाय सन सांगणें हें निराधार होय. ४८० हा सन देणारीं पुस्तकें गुणक सांगत नाहींत.

(४) कार्बनमापनाची साक्ष

येथें पूर्वपक्ष असा येईल कीं, आधुनिक शास्त्रानेंही प्राचीन वसाहतीस दुजोरा दिला होता. तें खरें आहे. आणि हाच ह्या प्रकरणांतील बोधप्रद भाग आहे. १९८५ च्या सुमारास पुराणवस्तुशास्त्रज्ञांचें सर्वसाधारण मत असें होतें कीं, हवाईंत मनुष्यवस्ती इ. स. च्या पहिल्या सहा शतकांतच झाली. त्या मताशेजारीं ४८० हा सन शोभून दिसे, आणि वाचक समजत कीं परंपरेस शास्त्राचा आधार मिळाला. परंतु कार्बन १४ पद्धतीनें मिळणारा काल हा लांकूड जळल्याचा नसून तें लांकूड वाढल्याचा असतो. शेंकडों वर्षें जगलेल्या वृक्षाचा गाभा किंवा अमेरिकेच्या किनाऱ्यावरून वाहून आलेला जुना ओंडका चुलींत जळला, तर चूल आहे त्याहून कित्येक शतकें जुनी दिसते. म्हणून पुढें बिया, डहाळ्या, उंदरांनीं कुरतडलेलीं फळांचीं कवचें अशा अल्पायुषी वस्तूच प्रमाण धरूं लागले. विल्मशर्स्ट, हंट, लिपो व अँडरसन यांनीं २०११ सालीं पूर्व पॉलिनेशियांतील १,४३४ कार्बनकाल चाळून असा निष्कर्ष काढला कीं, ताहिती वगैरे सोसायटी बेटांवर वस्ती १०२५ ते ११२० मध्यें आणि हवाईसह बाकीच्या बेटांवर ११९० ते १२९० मध्यें झाली. अथेन्स, रीथ व डाय यांनीं २०१४ सालीं हवाईपुरता हा काल थोडा मागें नेऊन १००० ते ११०० असा मानला. ह्या दोन मतांत शतक-दोन शतकांचा वाद आहे. परंतु ४८० च्या बाबतींत वाद नाहीं. त्या वर्षीं ह्या बेटांवर देवालय बांधावयास मनुष्यच नव्हता, असें दोन्ही मतांवरून निष्पन्न होतें.

दुसरीही एक पद्धत आहे. देवास वाहिलेल्या पोंवळ्याच्या फांद्या जिवंत असतांना तोडून आणलेल्या असत. त्यांतील युरेनियम व थोरियम ह्यांच्या प्रमाणावरून तोडणीचें साल फारच सूक्ष्म काढतां येतें. कर्च व शार्प यांनीं २००५ सालीं माऊई बेटावरील काहिकिनुई भागांतील देवालयांस ही पद्धत लावली, तेव्हां तेथील देवालयसमूह सुमारें १५८० ते १६४० ह्या दोन पिढ्यांत उभा राहिल्याचें दिसलें. परंतु हा निकाल माऊईचा आहे. तो उचलून कोहालास लावणें म्हणजे एका गांवची सनद दुसऱ्या गांवास दाखविण्यासारखें होईल. त्यावरून एवढेंच म्हणतां येतें कीं, मोठीं देवालयें राजसत्ता प्रबळ होण्याच्या काळांत झपाट्यानें बांधलीं जाऊं शकतात.

(५) दगडांची रांग

मोओकिनीचे दगड कित्येक मैलांवरच्या पोलोलू खोऱ्यांतून आणले, ते १८,००० माणसें १४ मैल रांगेनें उभी करून हातोहात पोंचविले, आणि सर्व काम सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत एका रात्रींत उरकलें, अशी कथा आहे. १४ मैलांचे ७३,९२० फूट होतात. त्यांस १८,००० नीं भागलें असतां माणसामागें सुमारें ४ फूट पडतात. दगड हातोहात देण्यास हेंच अंतर सोयीचें. तेव्हां ही संख्या शिरगणतीची नसून अंतरावरून काढलेली असावी, असा आमचा तर्क आहे. शिवाय हे दोन आंकडे एकमेकांस खातात. कॅप्टन कुकच्या सफरींतील लेफ्टनंट किंग यानें १७७९ च्या सुमारास सर्व बेटें मिळून वस्ती ४,००,००० असल्याचा अंदाज केला. अशा भरवस्तीच्या काळीं १८,००० माणसें एका रात्रीसाठीं जमूं शकतील. परंतु ४८० सालीं, जुन्या मताप्रमाणें मूठभर वसाहतकरी नावांतून नुकतेच उतरलेले असतांना, तीं कोठून आणावयाचीं? सन खरा धरला तर रांग जाते, रांग खरी धरली तर सन जातो.

हीच कथा दुसऱ्याही एका देवालयाविषयीं सांगतात. कावाइहाए येथील पुउकोहोला हें कामेहामेहानें कापोउकाही ह्या पुरोहिताच्या सांगण्यावरून १७९०–९१ सालीं बांधलें. त्याचीं २२४ फूट लांबी व १०० फूट रुंदी हीं मापें एलिसनें १८२३ सालीं नोंदलीं. त्याचेही दगड पोलोलूहून वीस-पंचवीस मैल हातोहात आणले असें म्हणतात. हें काम ऐतिहासिक काळांतलें आहे. कामेहामेहाच्या पदरीं असलेला इंग्रज खलाशी जॉन यंग १८३५ पर्यंत हयात होता. तेव्हां पर्याय दोन : एक तर हातोहात दगड पोंचविणें ही कोहालाची खरीच रीत असेल, किंवा एका देवालयाची कीर्ति दुसऱ्यास चिकटली असेल. ह्याचा निकाल शब्दांनीं लागणार नाहीं, दगडांनीं लागेल. भूगर्भशास्त्रज्ञांनीं कोहाला ज्वालामुखीचे पोलोलू व हावी असे दोन निरनिराळे थर ओळखले आहेत, आणि दगडाच्या घटकांवरून थर सांगतां येतो. मोओकिनीचे दगड पोलोलू थराचे निघाले, तरी तो थर अन्यत्रही उघडा पडलेला असल्यामुळें कथा सिद्ध होणार नाहीं. परंतु ते त्या थराचे न निघाल्यास ती खास पडेल. अन्वयापेक्षां व्यतिरेक येथें बलवत्तर आहे. अर्थात् पूज्य स्थानाच्या भिंतींतला दगड तपासावयाचा तो पुरोहितकुलाच्या संमतीनेंच, हें सांगावयास नको.

(६) पाआओविषयीं

पाआओच्या कथेंत दोन गोष्टी तपासण्यासारख्या आहेत. पहिली, त्याचा मूळ देश. ऐतिह्यांत वावाउ व उपोलू हीं नांवें येतात. उपोलू नांवाचें बेट सामोआंत असल्यामुळें फोर्नांडरनें पाआओस सामोआचा ठरविलें. स्टोक्सनें १९२८ सालीं ह्यावर आक्षेप घेऊन त्यास सोसायटी बेटांकडचा मानलें. बोराबोरा व ताहाआ ह्या तेथील बेटांचीं जुनीं नांवें अनुक्रमें वावाउ व उपोरू हींच होत; दोन्ही नांवें शेजारीं शेजारीं एका ठिकाणीं मिळत असतां एकाच नांवावरून दूरचें बेट गांठण्याचें कारण नव्हतें. येथें स्टोक्सचा पक्ष आम्हांस ग्राह्य वाटतो.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक. नरबलि, भिंतींनीं बंद केलेलीं देवालयें व कडक कापू म्हणजे निषेध, हें सर्व पाआओनें बाहेरून आणलें असें म्हणतात. परंतु हें लिहिणारे मालो व कामाकाऊ दोघेही ख्रिस्ती झालेले होते. लिहोलिहो राजानें कापू १८१९ सालीं मोडला, देवालयें जाळलीं गेलीं, आणि पुढच्याच वर्षीं मिशनरी उतरले. पूर्वजांविषयीं प्रेम आणि पूर्वजांच्या रक्तरंजित विधीविषयीं लाज, ह्या दोहोंच्या कात्रींत सांपडलेल्या लेखकास, हें सारें एका परक्या पुरोहितानें आणलें, असें म्हणण्यांत समाधान वाटणें स्वाभाविक आहे. कथा त्यांनीं रचली असें आम्हीं म्हणत नाहीं. ती जुनीच आहे. परंतु तिच्यांतील कोणत्या अंगावर भर पडला, हें लेखकाच्या काळावरून ठरतें.

(७) उपसंहार

तात्पर्य, इ. स. ४८० हा सन टाकला पाहिजे. तो परंपरेचा नाहीं, गणिताचा आहे. आणि गणितही गुणक न सांगितलेलें आहे. देवालयाचा आजच्या रूपांतील काल ठरविण्यास स्थलावरच अल्पायुषी वस्तु किंवा वाहिलेलीं पोंवळीं सांपडलीं पाहिजेत. तोंपर्यंत, वस्ती झाल्यानंतर व १८१९ पूर्वीं, एकाहून अधिक वेळां बांधलें गेलेलें असावें, ह्यापलीकडे निश्चित विधान करतां येत नाहीं.

परंतु सन गेला म्हणून परंपरा गेली असें मानणारांशींही आमचा तितकाच विरोध आहे. ज्या लोकांनीं कुमुलिपोसारखा दोन हजारांहून अधिक चरणांचा वंशमंत्र लेखणीवांचून सांभाळला, आणि जेथें विधींतील पाठांत चूक होणें अशुभ मानीत, त्यांच्या स्मृतीस कागद नाहीं म्हणून हलकें लेखणें वेदपाठाच्या देशांतील संशोधकास तरी शोभत नाहीं. त्या स्मृतीनें पुरोहितकुलाचीं नांवें, त्यांचा क्रम, देवालयाची जात व परस्परविरोधी दावेसुद्धां राखून ठेविले आहेत. तिनें सन राखला नाहीं, कारण तो तिच्याजवळ कधींच नव्हता. तिच्या माथीं सन मारावयाचा, आणि पुढें तो खोटा ठरला म्हणजे तीच खोटी ठरवावयाची, हा दुहेरी अन्याय होय. मोओकिनीच्या वाटाड्या पुस्तकांतून तो आंकडा काढून तेथें घराण्याच्या वंशावळींतील नांवें, ज्या क्रमानें तें घराणें तीं सांगतें त्या क्रमानें, छापलीं जावींत. पुढील संशोधकास आंकड्यापेक्षां त्या नांवांचाच उपयोग अधिक होईल.